बाहेरची संचारबंदी आणि आतली

दंगल शमली की पंचनामे सुरू होतात. किती दुकाने फुटली, किती वाहने जळाली, किती माणसे जखमी झाली, याची नोंद सरकारी कागदावर होते आणि तो कागद पुरा झाला की जनजीवन सुरळीत झाल्याची घोषणा होते. परंतु या कागदाच्या कोणत्याही रकान्यात न बसणारे एक नुकसान मागे उरते. मधुमेहासारखा जन्माची सोबत करणारा आजार घेऊन जगणाऱ्या माणसाच्या मनात अशा दिवसांत जी खिन्नता शिरते, ती बाजारपेठ उघडल्यावर निघून जात नाही. ती औषधाची वेळ चुकवते, भूक मारते, झोप उडवते आणि रक्तातील साखरेच्या रूपाने महिनोन्‌महिने व्याज वसूल करते. हा त्या माणसाचा खाजगी दुबळेपणा आहे, असे मानण्याची आपल्या समाजाची रीत आहे. ती रीत चुकीची तर आहेच. पण राज्यकर्त्यांच्या फार सोयीचीही आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात असा प्रश्न उपस्थित करणे कित्येकांना अप्रस्तुत वाटेल. हा जिल्हा म्हणजे काही गाझा नव्हे, युक्रेन नव्हे की काश्मीर नव्हे. येथे रणगाडे फिरत नाहीत. हे खरेच आहे. तथापि हातकणंगले तालुक्यातील हुपरीसारख्या गावातून पाहिले म्हणजे चित्र वेगळे दिसू लागते. चांदीच्या पैंजणांसाठी देशभर नाव असलेले हे गाव आज नगरपरिषदेचे गाव झाले आहे. चांदी आटवणे, तार ओढणे, कड्या जोडणे, घुंगरू लावणे, उजाळा देणे, ही कामे कारखान्याच्या भिंतीआड थोडी आणि राहत्या घरांत अधिक चालतात. काम मजुरीवर. बाई स्वयंपाक आटोपून कड्या जोडायला बसते, ती दिवस मावळेपर्यंत. तासन्‌तास एका जागी बसून मान मोडून करावयाचे हे काम मधुमेहाला आमंत्रण देणारे आहे, हे सांगण्यास तज्ज्ञ नको. आणि हा माल विकला जातो तो बाजारपेठ उघडी असेल तर. उपचार मिळतो तो कोल्हापूर, इचलकरंजी किंवा मिरजेचा रस्ता मोकळा असेल तर.

हे रस्ते आणि या बाजारपेठा गेल्या काही वर्षांत किती वेळा बंद झाल्या? सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातील एका स्वागत कमानीच्या चित्रावरून मिरजेत दंगल उसळली, संचारबंदी लागली आणि तिचे लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत पोहोचले. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी जेथे रुग्णालय उभारले, जेथे दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातले रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले, ती वैद्यकीय नगरीच कुलूपबंद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पुन्हा पेटला, वाहनांवर दगड पडले आणि कर्नाटकात जाणारी एस. टी. थांबवावी लागली, हुपरीपासून कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. ७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरील मजकुराचे निमित्त होऊन कोल्हापुरात बंद पुकारला गेला. दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर असा सगळा क्रम झाला आणि इंटरनेटही तोडण्यात आले. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरील अतिक्रमणाचे कारण पुढे करून पायथ्याच्या गजापुरात घरांची आणि मशिदीची नासधूस झाली. यांपैकी एकही घटना युद्ध नव्हती. पण ज्या माणसाच्या आयुष्याला दिवसातून तीनदा घड्याळाशी बांधून घ्यावे लागते, त्याच्या दृष्टीने युद्ध आणि चार दिवसांची संचारबंदी यांत फरक असतो तो मुदतीचा, जातीचा नव्हे.

शांततेवर उभा असलेला उपचार

मधुमेहाचा उपचार कोणत्या पायावर उभा असतो, हे नीट ध्यानात घ्यावयास हवे. वेळेवर जेवण, नित्याचे चालणे, न चुकता औषध आणि ठराविक काळाने तपासणी, असे हे चार खांब होत. यांतील प्रत्येक खांब शांतता गृहीत धरतो. ज्याचे पोट हातावर आहे त्याच्या घरी बाजार बंद झाला की दुसऱ्याच दिवशी डब्यात पीठ संपते. साखर उतरवणारी गोळी वा इन्शुलिन घेतले आणि वेळेवर अन्न पोटात गेले नाही, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. घाम फुटतो, हात कापतात, शुद्ध हरपू शकते. गोळी टाळली तर साखर वर चढते. म्हणजे उपाशी माणसापुढे निवड उरते ती दोन धोक्यांमधली. ती निवड तो कोणत्या वैद्यकशास्त्राच्या आधारे करणार?

चालण्याचे तेच. रंकाळ्याभोवतीची पहाटेची फेरी हा कोल्हापूरकरांचा अभिमानाचा विषय. पण वस्तीत दगड पडून गेल्यावर अंधार असताना घराबाहेर पडण्याचे धाडस कोण करील? ज्याच्या नावावरून, टोपीवरून वा कुंकवावरून त्याचा धर्म ओळखता येतो आणि जो परक्या वस्तीच्या कडेला राहतो, त्याची फेरी सर्वप्रथम बंद पडते. इन्शुलिनची बाटली थंड जागी ठेवावी लागते. वापरात असलेली साधारण महिनाभरच टिकते. ज्याचे शरीर इन्शुलिन मुळीच बनवत नाही, त्या बालकाला ते काही दिवस मिळाले नाही तर प्रश्न जगण्यामरण्याचा होतो. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या ताब्यातील शांघायमध्ये अडकलेल्या एव्हा साक्सल या मधुमेही निर्वासित स्त्रीने, औषध मिळेनासे झाले तेव्हा, पतीच्या साहाय्याने म्हशीच्या स्वादुपिंडापासून इन्शुलिन तयार केले, आधी स्वतःला टोचून पाहिले आणि मग इतर रुग्णांना दिले. ही कथा मानवी जिद्दीची म्हणून सांगितली जाते. पण ती तेवढीच नाही. युद्ध पुकारणाऱ्यांच्या हिशेबात मधुमेही माणूस कोठेच नसतो, याचाही तो पुरावा आहे.

आतून लागणारी संचारबंदी

आता खिन्नतेकडे वळावे. येथे खिन्नता म्हणजे प्रसंगाचे दुःख नव्हे. घर जळाले तर माणूस रडणारच. तो आजार नव्हे. परंतु आठवडेच्या आठवडे कशातच मन न लागणे, झोप व भूक बिघडणे, स्वतःविषयी तिरस्कार वाटणे, भविष्यकाळच दिसेनासा होणे, या अवस्थेला वैद्यक नैराश्य म्हणते. मधुमेह आणि हे नैराश्य यांचे नाते जुने आहे. सतराव्या शतकात टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने दीर्घ शोक हे मधुमेहाचे एक कारण म्हणून नोंदवून ठेवले होते. आजचे वैद्यक अधिक सावधपणे बोलते, पण हे नाते नाकारीत नाही. मधुमेह असलेल्या माणसांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, हे गेल्या २५ वर्षांत अनेक देशांतील अभ्यासांनी दाखवून दिले आहे. भय आणि ताण यांनी शरीरात जी संप्रेरके स्रवतात, ती रक्तातील साखर वाढवतात. म्हणजे भीती ही केवळ मनात राहत नाही; ती रक्तात उतरते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. नैराश्याने ग्रासलेला माणूस काय करतो? तो जेवणाची वेळ पाळत नाही. चालावयास जात नाही. गोळी समोर असूनही घेत नाही. तपासणीची तारीख उलटून गेली तरी त्याला त्याचे काही वाटत नाही. म्हणजे ज्या चार खांबांवर उपचार उभा आहे, तेच चार खांब नैराश्य पोखरते. संचारबंदी बाहेरून जे करते, तेच नैराश्य आतून करते. फरक एवढाच की बाहेरची संचारबंदी उठल्याचा हुकूम जिल्हाधिकारी काढतात. आतली उठवण्याचा हुकूम कोणी काढत नाही.

हे प्रमाण किती मोठे असू शकते, याची कल्पना येण्यास दोन आकडे पुरेत. सशस्त्र संघर्षाची झळ पोहोचलेल्या प्रदेशांतील सुमारे २२ टक्के लोकांना सौम्य वा तीव्र स्वरूपाचा मानसिक आजार असतो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीतून २०१९ साली प्रसिद्ध झाला. काश्मीर खोऱ्यात २०१५ साली झालेल्या सर्वेक्षणात ४१ टक्के प्रौढांत नैराश्याची लक्षणे आढळली. दुसऱ्या बाजूस, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवून पाहण्याचे काम मात्र क्वचितच होते. मधुमेहाचा नकाशा एका खात्याच्या भिंतीवर लटकतो, मनाच्या आजाराचा दुसऱ्या खात्याच्या, आणि दंगलीचा नकाशा पोलीस ठाण्यात असतो. रुग्ण मात्र एकच असतो.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोली आहे. तेथील संघर्ष चार दिवसांचा नव्हता, चार दशकांचा होता. एटापल्ली, भामरागडच्या गावकऱ्याने बंदुकीच्या दोन नळ्यांच्या मध्ये आयुष्य काढले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नक्षलवादी नेत्याने आपल्या ६० साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा साहजिकच समाधान व्यक्त झाले. परंतु शस्त्रे खाली ठेवली गेली म्हणून मनावरचा भारही आपोआप उतरला, असे समजणे भाबडेपणाचे होईल. रात्री दारावर थाप पडेल या धास्तीत वाढलेल्या माणसाची झोप एका समारंभाने परत येत नाही. तेथे आता रस्ते, खाणी, गुंतवणूक यांची चर्चा आहे. दवाखान्यात मनाचा आजार ओळखणारा माणूस कधी येणार, याची चर्चा नाही.

नुकसानीचा खोटा हिशेब

शासन काय मोजते, यावरून त्याची नीती कळते. जातीय, दहशतवादी आणि नक्षलवादी हिंसाचारात बळी पडलेल्या नागरिकांसाठी केंद्र सरकारने २००८ मध्ये साहाय्य योजना सुरू केली. तिचा आधार दोनच गोष्टींना: मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व. २०१६ मध्ये रक्कम तीन लाखांवरून पाच लाखांवर गेली. दृष्टी मात्र तीच राहिली. जो मेला नाही आणि ज्याचा हातपाय तुटला नाही, त्याचे काहीच गेले नाही, असे ही योजना गृहीत धरते. दंगलीनंतरच्या सहा महिन्यांत ज्याची साखर हाताबाहेर गेली, ज्याच्या पायाची जखम चिघळली, ज्याची दृष्टी अधू झाली, त्याला दंगलग्रस्त कोण म्हणेल? त्याच्या केसपेपरवर कारण लिहिले जाईल: रुग्णाचा हलगर्जीपणा.

या खोट्या हिशेबाचा इतिहास मोठा आहे. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये कोल्हापूर, सांगली, सातारा भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. भालजी पेंढारकरांचा स्टुडिओही त्या आगीत सापडला. अनेक कुटुंबे गाव सोडून गेली. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलीत ९०० माणसे मृत्यू पावली, अशी नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली, आणि कित्येक मुसलमान कुटुंबांनी जुनी वस्ती सोडून मुंब्र्याचा आसरा घेतला. कधी एका जमातीचे घर जळते, कधी दुसऱ्या जमातीचे. पण उखडल्या गेलेल्या माणसांच्या मनाचा पंचनामा कोणत्याच वेळी झाला नाही. दुःखाला धर्म नसतो हे भाषणात सांगणे सोपे; मदतीच्या नियमांत लिहिणे अवघड जाते.

यावर एक आक्षेप हमखास येईल. मन खंबीर ठेवावे, देवाचे नाव घ्यावे, चार माणसांत बसावे; याला शासन काय करणार? चार माणसांत बसणे खरोखरच औषध आहे. पण दंगल नेमके तेच तोडते. कट्ट्यावर एकत्र बसणारे दोन गटांत विभागतात. अमक्याच्या दुकानात जाऊ नका अशी कुजबुज सुरू होते. वर्षानुवर्षे एकाच व्यापाऱ्याकडून काम नेणाऱ्या कारागिराला अचानक काम मिळेनासे होते. खंबीर राहण्याचा उपदेश ज्याला करावयाचा, त्याच्या पायाखालची जमीनच काढून घेतलेली असते. ज्यांनी ती काढून घेतली त्यांना सवाल न करता रुग्णालाच धीर धरावयास सांगणे, हा उपचार नव्हे. ही जबाबदारी टाळणे होय.

साधने आहेत, इच्छा हवी

दुसरा आक्षेप पैशाचा आणि माणसांचा. मानसोपचारतज्ज्ञ मोजके, तेही शहरांत. खेड्यापाड्यांत ते कोठून आणणार? या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या गोव्याने दिलेले आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्था यांनी सामान्य शिक्षण झालेल्या स्थानिक माणसांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले, आणि तीव्र नैराश्याचे रुग्णही त्यांच्या साध्या, पद्धतशीर संभाषणाने सुधारतात, असे काटेकोर चाचणीतून सिद्ध केले. मधुमेह आणि नैराश्य यांचा उपचार एकाच छताखाली, एकाच टेबलापाशी केला तर काय होते, याचाही प्रयोग भारतातील चार दवाखान्यांत सुमारे ४०० रुग्णांवर झाला. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एकत्र उपचार मिळालेल्या रुग्णांच्या मनाची आणि शरीराची स्थिती इतरांपेक्षा अधिक सुधारली. म्हणजे उपाय माहीत नाही, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

कायदाही आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला आणि पुढील वर्षी अमलात आला. शासनाने चालवलेल्या सेवेतून मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरवला. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळलेली स्थिती, म्हणजे मनाचा आजार असलेल्या बहुसंख्य माणसांपर्यंत उपचारच न पोहोचणे, ही खेड्यापाड्यांतील डोळ्यांना आजही दिसते. ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती उपयुक्त आहे. पण कट्ट्यावर बसून ऐकणाऱ्या माणसाची जागा दूरध्वनी कायमची घेऊ शकत नाही.

सर्वांत बोलकी गोष्ट आशा सेविकेच्या हातातील कागदाची आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची मधुमेह-रक्तदाबासाठी नोंद करताना ती जे पत्रक भरते, त्यात कामात रस वाटेनासा झाला आहे काय आणि उदास, निराश वाटते काय, हे दोन प्रश्न छापलेलेच आहेत. प्रश्न कागदावर आहे. उत्तर मिळाल्यावर पुढे जाण्याची वाट नाही. उत्तर ‘होय’ आले तर ती बाई त्या माणसाला कोठे पाठवणार? आणि हे सारे काम जिच्यावर टाकले आहे, तिला मानधनवाढीसाठी २०२३-२४ मध्ये संप करून रस्त्यावर बसावे लागले. स्वतः असुरक्षित असलेल्या श्रमिक स्त्रीकडून दुसऱ्याच्या मनाची सुरक्षितता सांभाळली जावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

तेव्हा मागण्या अवास्तव नाहीत. संचारबंदीच्या आदेशातच इन्शुलिन व नित्याच्या गोळ्या घरपोच करण्याची व्यवस्था लिहिलेली असावी आणि रुग्णाला केसपेपर दाखवून जाण्यायेण्याची मुभा असावी. मदतीच्या शिध्यात मधुमेही माणसाला चालेल असे धान्य व कडधान्य असावे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाच्या टेबलापाशीच एक प्रशिक्षित, पगारी समुपदेशक बसावा. दंगलीनंतर निदान एक वर्ष त्या वस्तीतील दीर्घ आजाराच्या रुग्णांची घरोघर जाऊन विचारपूस व्हावी आणि बिघडलेले आरोग्य हे नुकसान म्हणून नोंदले जावे. हुपरीसारख्या गावात घरी बसून मजुरी करणाऱ्या कारागिरांना, विशेषतः स्त्रियांना, काम थांबेल त्या दिवसांचा आधार देणारे कल्याण मंडळ असावे. कारण उपाशी पोटी कोणतेही समुपदेशन लागू पडत नाही.

१९२३ मध्ये बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्शुलिनच्या शोधाचे हक्क टोरांटो विद्यापीठास प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. जीव वाचवणारी वस्तू कोणाच्या मालकीची असू नये, ही त्यामागची भावना होती. शांतताही अशीच जीव वाचवणारी वस्तू आहे. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभारले ते केवळ दानधर्म म्हणून नव्हे. सर्वांनी एकत्र नांदणे ही राज्याने करावयाची व्यवस्था आहे, हे त्यांनी ओळखले होते. दगड उचलणाऱ्या तरुणाला आणि त्याच्या हाती दगड देणाऱ्या पुढाऱ्याला एवढे सांगावेच लागेल की, तो दगड दुकानाच्या काचेवर आदळून थांबत नाही. तो बंद दाराआड गोळीची वेळ टळलेल्या कोणा म्हाताऱ्यापर्यंत पोहोचतो. त्या म्हाताऱ्याचा धर्म कोणता, हे दगडाला ठाऊक नसते. अनेकदा तो दगड फेकणाऱ्याच्याच घरातला असतो.